बच्छाव हवालदारांचा मुद्देमाल

दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला रविवार कारंजाजवळच्या माझ्या ठेल्यापुढं एक पोलीस हवालदार स्कूटर लावायचे आणि भर रस्त्यात मला म्हणायचे, "जीभ काढ."

मी काढायचो. पोलिसानं काढ म्हणल्यावर माणूस पाकीट काढतो, मी जीभ काढायचो. स्वस्तात सुटायचो.

मग ते माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. पिशवीतून प्रेशरचं मशीन काढून माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायचे. गिऱ्हाईक किल्ली हातात घेऊन खोळंबलेलं. त्याला म्हणायचे, "थांबा हो दोन मिनिटं. मुद्देमाल तपासतोय."

मुद्देमाल म्हणजे मी. रंगनाथ. डुप्लिकेट किल्ल्या करतो. तिसरीत शाळा सोडली. खरं सांगायचं तर शाळेनंच मला सोडलं, मी आपला घरी येताना पाटी घेऊन आलो. आयुष्यात माझ्या तब्येतीची कोणाला पडली नव्हती, मला स्वतःलाही नाय. आणि हे बच्छाव हवालदार, ना नात्याचे ना गोत्याचे, माझा खोकला मोजायचे. सुरुवातीला मला वाटलं, ह्या माणसाचा आपल्यावर जीव जडलाय. मग कळलं की जीव केसवर जडलाय, मी नुसता तिचा डबा हाय.

झालं होतं असं. आमच्याकडच्या भाजीबाजारात बंटीदादाची टोळी हप्ता घ्यायची. जो द्यायचा नाय त्याला मारत-बिरत नव्हते. त्याचा वजनकाटा उचलून न्यायचे. काटा नाय तर माणूस भाजी विकणार कशी? दोन दिवसांत यायचा बिचारा मुकाट्यानं. तक्रार कोणी करायचं नाय. पोलिसांनी विचारलं तर म्हणायचे, "काटा का? रिपेरिंगला टाकलाय."

एक दिवस बच्छाव हवालदार ठेल्यावर आले. म्हणले, "रंग्या, कुलूप उघडायचंय. चल." मी निघालो ऐटीत. बाजारामागं एक गाळा होता, त्याला हे एवढं कुलूप. सात-आठ पोलीस, एक इन्स्पेक्टर, आणि मध्ये निळ्या शर्टातला बंटीदादा, बोटात मोटारीची चावी फिरवत उभा. तो म्हणत होता, गाळा माझा नाहीच. मी कुलपापुढं उकिडवा बसलो. पाऊण तास खटपट केली. दोन तारा मोडल्या, एक बोट कापलं. कुलूप ढिम्म. सगळे पोलीस माझ्या टाळक्याकडं बघतायत. शेवटी बंटीदादाच हसून म्हणला, "काका, पाणी देऊ का?"

तेव्हा बच्छाव हवालदार पुढं झाले, त्याची झडती घेतली, त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि मला दिली. लागली. एका फिरकीत. माझ्या कारागिरीचा एवढा मोठा अपमान आजवर झाला नव्हता, आणि तोच अपमान पुढं सरकारी पुरावा झाला.

आत कोयते होते अकरा. गावठी कट्टे दोन. आणि काटे सदतीस. भाजीवाल्यांचे वजनकाटे, रांगेनं, एकावर एक. कोणाच्या काट्याला हळद-कुंकू लागलेलं, कोणाच्या मागं मुलीचं नाव खिळ्यानं कोरलेलं. टोळी टोळी म्हणतात ती काय असते ते मला तिथं कळलं. कोयते अकरा, काटे सदतीस. कोयते लागतच नव्हते त्यांना फारसे.

मी आणि भिका दाढीवाला, आम्ही दोघं पंच. पंच म्हणजे झडतीच्या वेळी उभं राहून बघायचं, पोलीस लिहितील ते ऐकायचं, सही करायची आणि पुढं कोर्टात सांगायचं की हो, मी बघितलं. बच्छाव हवालदारांनी सगळा पंचनामा आम्हाला वाचून दाखवला. दोनदा. माझी सही म्हणजे मुंगी शाईत पडून पळाली तशी. तरी त्यांनी कागदाखाली कागद ठेवला, पेन पुसून दिलं आणि म्हणले, "तीस वर्षं नोकरी झाली. कोऱ्या कागदावर एकदाही सही घेतली नाय कोणाची. हे पण कोर्टात सांगशील."

बंटीदादाला मोक्का लागला. आम्हाला वाटलं, झालं, आता सहा महिन्यांत निकाल. आठ वर्षं लागली.

त्या आठ वर्षांत साहेब किती आले आणि गेले, आणि प्रत्येकाची टोळी मोडायची पद्धत वेगळी. एक साहेब आले, त्यांनी गुंडांची बाजारातून धिंड काढली. मोबाईलवर शूटिंग झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरानं तीच पोरं जामिनावर आली, तेच शूटिंग त्यांनी गाणं लावून स्टेटसला ठेवलं. दुसऱ्या साहेबांनी चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स फाडले. तिसऱ्या साहेबांनी बंटीदादा जामिनावर सुटल्या सुटल्या त्याला जिल्ह्यातून तडीपार केला. हद्द संपते इगतपुरीच्या पुढं. तो घाट उतरून कसाऱ्याला जाऊन राहिला. तिथं खुर्चीवर बसून वडे खायचा आणि फोनवरून नाशिकचा बाजार चालवायचा. वजन तेवढं वाढलं त्याचं.

बच्छाव हवालदार हे सगळं बघून नाक उडवायचे. ते कळवणकडचे. राग आला की त्यांची अहिराणी वर यायची. "तुले समजत नही रंग्या," म्हणायचे. "धिंड काढली तर फोटो निघतो. शिक्षा झाली तर टोळी निघते. आणि शिक्षा कोण देतं? जज्ज? नाय. पिस्तूल? नाय. पंच देतो. एक माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणला ना, की हो, किल्ली ह्याच्या खिशातून निघाली, की संपला बंट्या. भाजीवाले बोलणार नायत. गाळा दुसऱ्याच्या नावावर. माझ्याकडं एवढी एक किल्ली हाय आणि ती बघणारी दोन माणसं."

"पंच जिवंत तर केस जिवंत." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग पाचव्या वर्षी भिका दाढीवाला गेला. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली, आणि हा वस्तरा हातात घेऊन खुर्चीमागं बसला तो बसलाच. हवालदार अंत्ययात्रेला आले. अमरधामच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणले, "साक्ष न देता गेला रे." आणि माझ्याकडं वळून एकदम, "तू बीडी किती ओढतो?"

त्या दिवसापासून माझे हाल सुरू.

बीडी बंद झाली. चौकातल्या पानवाल्याला दम भरला होता, "ह्याला बीडी दिली तर पुरावा नष्ट केल्याचं कलम लावीन." माझ्या बायकोला, सुमनला, मीठ मोजून दिलं. ती आधीच माझ्यावर खार खाऊन, तिला सरकारी आधार मिळाला. "भाजी अळणी हाय," म्हणलं की म्हणायची, "हवालदारांना सांगू का?" उन्हाळ्यात ठेल्यावर छत्री आणून लावली. का? तर मुद्देमाल उन्हात ठेवू नये. गोदेला पूर आला की फोन. "रंग्या, कुठं हाय? पुलावर गेला नाय ना बघायला?" सायखेड्याला भाच्याचं लग्न होतं, सगळं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निघालं. ह्यांनी मला ट्रॉलीतून खाली उतरवलं आणि आपल्या स्कूटरवर मागं बसवून नेलं, डोक्यात हेल्मेट घालून. मांडवात पण काढू देईनात. नवरदेवाचा मामा हेल्मेट घालून अक्षता टाकतोय. लग्नाच्या व्हिडिओत मी जिथं जिथं हाय, तिथं लोक थांबवून थांबवून बघतात.

एकदा म्हणले, आरोपीचा वकील विचारणार, किती फुटांवरून पाहिलं. डोळे तपासू. घेऊन गेले दवाखान्यात. डॉक्टरीण बाईंनी समोर पाटी लावली. "खालची ओळ वाचा." मी गप्प. "बरं, मधली?" गप्प. "एकदम वरचं मोठं अक्षर?" गप्प. बाई घाबरल्या. म्हणल्या, "ह्यांना ऑपरेशन लागेल. तातडीनं." हवालदार उठून ओरडले, "अहो त्याला दिसतंय! त्याला इंग्रजी येत नाय!" अख्खा दवाखाना हसला. मी पण हसलो. न हसून सांगतो कोणाला.

महिन्यातून एकदा उजळणी असायची. कोर्टात काय सांगायचं ते पढवायचे नायत, एवढं मात्र खरं. फक्त विचारायचे. "काय पाहिलं?" मी सांगायचो. मध्येच मी शहाणपणा करून चार शब्द वाढवले तर खवळायचे. "तू हे पाहिलंस? नाय ना? मग टाक काढून. जे पाहिलं तेवढंच. पाव किलोला पाव किलो."

घरचं काय चाललंय हे ते कधी बोलायचे नायत. एकदा मीच विचारलं, वहिनी कशा हायत. तर म्हणले, ती कळवणला माहेरी असते, झाली सहा-सात वर्षं. जाताना म्हणाली होती, "मला पण पंच करा एखाद्या केसमध्ये. म्हणजे माझा पण ताप मोजाल." हे सांगून स्वतःच हसले, आणि माझ्या दंडाचा पट्टा जरा जास्तच आवळला.

मग ते रिटायर झाले. मी म्हणलो, सुटलो. पुढच्या सोमवारी साध्या कपड्यात हजर. "जीभ काढ."

अखेर समन्स आलं. पंधरा दिवसांवर तारीख. हवालदार एवढे खूश, की मला केळी आणून दिली. म्हणले, "आता फक्त पंधरा दिवस मरू नको."

त्या पंधरा दिवसांतल्याच एका दुपारी ठेल्यावर एक माणूस आला. चांगला इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "काका, याची एक डुप्लिकेट करा." मी किल्ली घेतली, तिच्या मापाचं कोरं पान शोधलं, मशीनला लावलं, कापलं, कानशीनं दात साफ करायला घेतले. शेवटच्या दातावर आलो आणि हाताला काहीतरी ओळखीचं लागलं. प्रत्येक किल्लीला मी मुठीजवळ एक बारीक खाच मारतो, आपली खूण म्हणून. त्यानं दिलेल्या किल्लीवर ती खाच होती. आणि तिसरा दात जरा बसका होता, कारण तो करताना मी सुमनशी भांडत होतो.

ती माझ्या घराची किल्ली होती. महिन्यापूर्वी हरवलेली. त्यावरून मी सुमनला वाट्टेल ते बोललो होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? सांगतो. मी तो शेवटचा दात नीट घासला. फडक्यानं पुसला. दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. तो म्हणला, "किती?" मी म्हणलो, "राहू द्या." तो म्हणला, "लागेल ना पण नीट?" आणि मी, माझ्यासारखा मूर्ख दुसरा नसेल, मी म्हणलो, "न लागली तर परत आणा."

संध्याकाळी जाऊन मी कुलूप बदललं. दुकानातलं सगळ्यात महागाचं बसवलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पलीकडच्या फुटपाथवरून जाता जाता हसला. "काका, नवीन कुलूप भारी हाय."

त्यानं धमकी दिली नाय. एक वाईट शब्द नाय. मी पोलिसांत जाऊन काय सांगणार होतो? की साहेब, एका माणसानं माझं कौतुक केलं?

बच्छाव हवालदारांना सांगायला पाहिजे होतं. त्या सोमवारी ते आले, पट्टा बांधला, आकडा बघितला आणि दचकले. "एवढं कसं वाढलं?" मी म्हणलो, "लोणचं खाल्लं."

कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर बाकावर बंटीदादा, गळ्यात रुद्राक्ष, तब्येत कसाऱ्याची. मागच्या बाकावर तो इस्त्रीवाला. आणि दाराजवळ बच्छाव हवालदार, धुतलेला पांढरा शर्ट, हात बांधून, शाळेच्या बक्षीस समारंभाला बाप येतो तसे.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही किल्ली कोणाच्या खिशातून निघाली?"

मी म्हणलो, "आठवत नाय."

"कुलूप तुमच्यासमोर उघडलं का?"

"मी तिकडं नव्हतो बघत."

वकिलांनी सीलबंद पाकीट फोडलं, किल्ली काढून माझ्यापुढं धरली. "तुम्ही चाळीस वर्षं किल्ल्या करता. ही ओळखता का?"

मी म्हणलो, "साहेब, किल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात."

कोर्टात हसू फुटलं. जज्जसाहेब पण हसले बहुतेक. आयुष्यभर मी लोकांना हसवायचं बघितलं, एवढा मोठा हशा मला कधी मिळाला नव्हता.

"मग पंचनाम्यावर सही कशी केली?"

त्यावर काय बोलायचं ते मला कोणी पढवलं नव्हतं, इस्त्रीवाल्यानं पण नाय. ते माझं मीच बोललो. "सही कोऱ्या कागदावर घेतली. बच्छाव हवालदारांनी."

दाराकडं मी बघितलं नाय.

मला फितूर ठरवलं. बंटीदादा सुटला. बाजारात गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं. माझ्या ठेल्यावर पण पेढे आले. मी एक खाल्ला. खोटं कशाला सांगू, चांगला होता, कळवणचा खवा असावा.

सोमवारी कोणी आलं नाय. पुढच्या सोमवारी पण नाय. मी साडेनऊला रस्त्याकडं बघत बसायचो आणि गिऱ्हाइकाची किल्ली वाकडी कापायचो.

दोन-तीन महिन्यांनी कोर्टाचं काम बघणारा एक शिपाई ठेल्यावर आला, कपाटाची किल्ली करायला. मला ओळखून म्हणला, "तू होय रे तो? नशीबवान हायस. तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला भरणार होते. सरकारी वकील पेटले होते. त्यांनी बच्छावांना लेखी विचारलं. आणि बच्छावांनी लिहून दिलं की पंच खरं बोलला, मीच कोऱ्या कागदावर सही घेतली होती."

मी मशीन बंद केलं.

"मग त्यांचं काय?"

"त्यांचं काय व्हायचं? चौकशी लागली. आणि आता त्यांच्या जुन्या केसेसमधले आरोपी आहेत ना, त्यांचे वकील तोच कागद जोडतात. म्हणतात, बघा, हा हवालदार कबूलच करतो. सगळे पंचनामे असेच केले असतील."

सदतीस काटे मला एकदम डोळ्यापुढं दिसले. मग वाटलं, असे आणखी किती गाळे असतील, जे ह्या माणसानं उघडले आणि मी परत कुलूप लावलं.

म्हसरूळला त्यांच्या दोन खोल्या. मी दुपारी गेलो. दार उघडंच होतं. हवालदार खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. बनियन आणि पायजमा. मला बघून ये पण म्हणले नायत आणि जा पण म्हणले नायत. मी उंबऱ्याजवळ बसलो.

बोलायचं ठरवून आलो होतो बरंच. तोंडातून निघालं भलतंच. "साहेब, त्यांनी माझ्या घराची किल्ली केली."

"कोणाकडून केली?"

"माझ्याकडून."

त्यांनी मेथीतून मान वर केली. माझ्याकडं बघत राहिले. आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी ह्या माणसाला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणले, "पैसे तरी घेतलेस का?"

"नाय."

"येडा शे."

"साहेब, तुम्ही असं का लिहून दिलंत? तीस वर्षांत एकदाही..."

"तुला जेलात टाकलं असतं तर तिथली कुलपं बघून तू वेडा झाला असतास." मग काडी मोडत, "आणि बंट्याला पण कळलं पाहिजे ना, की तू साक्षीला कामाचा राहिला नायस. आता तुझ्याकडं कोणी येणार नाय."

त्यांनी दोन-चार काड्या निवडल्या. मी बसून होतो. उठावं की नाय कळेना.

"रंग्या."

"जी."

"काय पाहिलं होतंस?"

मी सांगितलं. गाळा कुठं होता. किती वाजले होते. कुलपाशी मी पाऊण तास कसा झटलो, बोट कसं कापलं. निळा शर्ट. पँटचा उजवा खिसा. किल्ली निघाली, माझ्या हातात दिली, मी लावली, एका फिरकीत उघडलं. अकरा, दोन, सदतीस. कागद दोनदा वाचून दाखवला, मग सही. कुठं अडखळलो नाय, एक शब्द जास्त नाय, एक कमी नाय.

हवालदार डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मान हलवली.

"आता भीती नाय वाटली?"

"नाय साहेब."

"कशाला वाटेल," ते म्हणले. "आता कोण लिहून घेतंय."

आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली. मी निवडायला लागलो.